हरताळ, क्ष-किरण आणि हनुवटी

गेल्या उन्हाळ्यात माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने जेवताना जाहीर केलं, "आई, मला ओठावरचं लेझर करून हवंय." शाळेच्या बसमध्ये कुणीतरी तिला मिशीवरून चिडवलं होतं. मी ताबडतोब 'नाही' म्हटलं आणि मग 'का नाही' हे काही मला धड सांगता येईना. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर, पीएच.डी.सुद्धा इंजिनियरिंगमधलीच, तेव्हा त्वचेच्या बाबतीत माझा अधिकार शून्य. पण प्रश्न पडला की मुळापासून वाचत सुटायची खोड जुनी आहे. त्यातून जे हाती लागलं ते मंडळाच्या वाचकांपुढे, विशेषतः मुलींच्या आयांपुढे (आणि बाबांपुढेही), ठेवते.

आमच्या आजीचा उपाय म्हणजे तान्ह्या बाळाच्या अंगावर कणकेचा गोळा फिरवायचा. सुश्रुतसंहितेतला उपाय त्याहून जालीम आहे. जखमेभोवतीचे केस घालवण्यासाठी दोन भाग शंखाचं चूर्ण आणि एक भाग हरताळ आंबलेल्या द्रवात वाटून लावायला सांगितलं आहे. चुकलेल्या अक्षरावर पोथी लिहिणारे जी पिवळी हरताळ फासत, तीच ही. तुर्कस्तानातल्या हमामखान्यांतही हरताळ आणि चुन्याचाच लेप चाले. यामागचं रसायनशास्त्र पक्कं आहे. केसातल्या केराटिनचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना बांधलेले असतात, ते तुटले की केस मऊ होऊन पुसला जातो. आजची क्रीमं थायोग्लायकोलेट वापरून हेच करतात. हरताळीत मात्र गंधकाबरोबर आर्सेनिक असतं, हा तिचा दोष.

केस कायमचा घालवण्याची पहिली खात्रीची रीत १८७५ साली सेंट लुईसचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी प्रसिद्ध केली. डोळ्यात टोचणाऱ्या पापणीच्या केसांच्या मुळाशी सुई घालून ते विजेचा प्रवाह सोडत. हेच इलेक्ट्रॉलिसिस. पण एका वेळी एकच केस! हनुवटी साफ करायची तर महिनोन्‌महिने जायचे.

मग १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका लहान मुलीच्या पाठीवरचे केस त्यांनी घालवून दाखवले. दुखणं नाही, सुई नाही. न्यूयॉर्कचे डॉक्टर अल्बर्ट गायझर यांनी १९२०च्या दशकात यातून 'ट्रायको' पद्धत काढली. यंत्रं ब्यूटी पार्लरना भाड्याने दिली जात आणि ती चालवायला डॉक्टर लागत नसे. बाई लाकडी पेटीसमोर बसायची, चालक बटण दाबायची, काही मिनिटं गुणगुण ऐकू यायची, की झालं. अशा अनेक खेपा. केस खरोखरच गळत, म्हणून बायका एकमेकींना सांगत. न्यूयॉर्क तेव्हाही बाहेरून आलेल्यांचंच शहर होतं. नव्या देशात चेहरा 'इथल्यासारखा' दिसावा ही ओढ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

१९२९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलने या पद्धतीवर कोरडे ओढले आणि १९३०च्या सुमारास कंपनी बंद पडली. पण त्या बायकांसाठी उशीर झाला होता. आधी त्वचा पांढुरकी आणि सुरकुतलेली, मग न भरणाऱ्या जखमा, आणि कितीतरी वर्षांनी कॅन्सर. आमच्या धंद्यात चुकीचा फीडबॅक काही मिनिटांत मिळतो. इथे तो वीस-वीस वर्षांनी आला, आणि तोवर समाधानी गिऱ्हाईकच जाहिरात करत राहिलं. इतिहासकार रेबेका हर्झिग यांनी १९९९ मध्ये या बायकांवर लिहिलेला निबंध वाचून मी रात्रभर झोपले नाही.

त्याच सुमारास 'कोरेम्लू' नावाचं क्रीम आलं. त्यात थॅलियम होतं, म्हणजे उंदरांचं विष! केस गळले, पण पायांतली शक्ती आणि काहींची दृष्टीही गेली. १९०६च्या अमेरिकन कायद्यात सौंदर्यप्रसाधनं येतच नव्हती. ती १९३८च्या कायद्यात आली, आणि त्याला अशा क्रीमांनीही हातभार लावला.

आता लेझर. अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेलं तत्त्व मोठं देखणं आहे. योग्य रंगाचा प्रकाश योग्य तेवढाच क्षण सोडला, तर तो हव्या त्या गोष्टीतच शोषला जातो आणि आजूबाजूची त्वचा वाचते. केसातलं मेलॅनिन प्रकाश शोषतं, तापतं, मूळ जळतं. पण मेलॅनिन आपल्या कातडीतही असतंच. सुरुवातीचे रुबी लेझर ६९४ नॅनोमीटरचे होते. गोरी कातडी आणि काळा केस असेल तर उत्तम, आपल्यासाठी धोक्याचे. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर वरच्या मेलॅनिनमध्ये कमी अडतो, म्हणून सावळ्या रंगाला तो बरा.

हे मला २००४ साली ठाऊक असतं तर! डॉक्टरेट करत असताना पैसे साठवून मी एका पार्लरमध्ये हनुवटीवर लेझर करून घेतलं. माझ्या रंगाबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही, आणि मीही, लेझरवर सेमिनार दिलेली बाई, वेव्हलेंथ विचारली नाही. फोड आले. त्यांचे तपकिरी डाग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होते. त्या वर्षीच्या गणपतीला मी 'अभ्यास आहे' सांगून गेले नाही.

हे सगळं मुलीला सांगितलं, डागांसकट. सध्या आम्ही दोऱ्यावर भागवतो. सप्टेंबरात त्वचातज्ज्ञांची वेळ घेतली आहे. केस अचानक वाढले असतील तर हॉर्मोन्सही तपासावे लागतात, तेही तिथेच होईल. विचारायच्या प्रश्नांची यादी तिने स्वतःच केली आहे आणि वेव्हलेंथ किती, हा तिचा पहिला प्रश्न आहे.