राजपुत्राची हरवलेली आज्ञावली

मंडळी, नव्वदच्या दशकात ज्यांची मुलं कॉम्प्युटर क्लासला जात होती, त्यांना 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ आठवत असेल. भिंतींवरून लोंबकळणारा, खालून येणारे सुळे चुकवत पळणारा तो पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र! आमचा भाचा त्यापायी जेवायचाही विसरे.

हा खेळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने ॲपल टू या संगणकासाठी लिहिला आणि १९८९ साली तो बाजारात आला. राजपुत्राचं धावणं इतकं खरं वाटतं, कारण ते खरंच आहे. जॉर्डनने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक आकृती उतरवली. संगीत वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं. म्हणजे घरचंच कार्य म्हणा ना!

पुढे गंमत अशी झाली की खेळ जगभर पोचला, पण जॉर्डनने असेंब्ली भाषेत लिहिलेली मूळ आज्ञावलीच सापडेना. खेळाच्या प्रती होत्या की, असं कुणी म्हणेल. पण त्यांत उरतात ते यंत्राला कळणारे आकडे. लिहिणाऱ्याने दिलेली नावं, स्वतःसाठी केलेल्या नोंदी त्यांत नसतात. थालीपीठ कितीही खाल्लं तरी भाजणीचं प्रमाण थोडंच कळतं?

जॉर्डनने वर्षानुवर्षं शोध घेतला. अखेर २०१२ साली वडिलांना घरातल्या कपाटात मागे पडलेलं एक खोकं मिळालं. आत साडेतीन इंची फ्लॉप्या! त्यांनी ते मुलाकडे पाठवून दिलं. (बापाने काही टाकून दिलं नाही म्हणून हे झालं. अडगळीवरून घरात बोलणी खाणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

खोकं मिळालं, तरी धाकधूक होतीच. फ्लॉपीवरची अक्षरं म्हणजे चुंबकत्वाच्या खुणा. वीस-बावीस वर्षांत त्या विरू शकतात, शिवाय वाचणारी यंत्रंही दुर्मिळ झालेली. तेव्हा 'इंटरनेट आर्काइव्ह'चे जेसन स्कॉट आणि जुने ॲपल संगणक जपणारे टोनी डियाझ धावून आले. एप्रिल २०१२ मध्ये जॉर्डनच्या लॉस एंजेलिसच्या घरी एकेक फ्लॉपी यंत्रात सरकवली गेली आणि आज्ञावली पडद्यावर उमटली.

जॉर्डनने ती लगेच गिटहबवर सर्वांसाठी खुली केली. आमच्या भाच्याने उघडून दाखवली. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण तो मात्र बराच वेळ वाचत बसला होता.