सैरंध्रीचा शृंगार

चिखलदऱ्याच्या नांवाविषयीं वऱ्हाडांत एक कथा सर्वतोमुखीं आहे. भीमानें कीचकास ठार करून त्याचें प्रेत येथील दरींत लोटलें, जवळच्या भीमकुंडांत हात धुतले, आणि ‘कीचकदरा’ या शब्दाचें पुढें ‘चिखलदरा’ झालें, असें सांगतात. शेजारचें वैराट शिखर विराट राजाचें नांव धारण करतें. विराटाची राजधानी अभ्यासक बहुधा राजस्थानांतील बैराट येथें मानतात. तेव्हां या कथेस भूगोलाचा आधार नाहीं. तथापि एखादा प्रदेश कोणती गोष्ट आपली म्हणून जतन करतो, हाहि इतिहासाचाच भाग होय. परंतु या कथेची नायिका त्या काळीं राणी नसून राणीस नटविणारी दासी होती, याकडे दरीच्या कांठीं उभ्या राहणाऱ्या प्रवाशांचें लक्ष क्वचितच जातें.

अज्ञातवासाच्या तेराव्या वर्षीं द्रौपदीनें सैरंध्रीचा वेष घेतला. सैरंध्री म्हणजे केशरचना, उटणीं, गंध व फुलांच्या माळा यांची कला जाणणारी परिचारिका. या कलेच्या बळावरच तिनें सुदेष्णा राणीकडे आश्रय मागितला. आणि मागतांना अटीहि घातल्या. उष्टें खाणार नाहीं, कोणाचे पाय धुणार नाहीं. राज्य, पति, नांव, सर्व कांहीं गेलेल्या स्त्रीचें हें बोलणें दीनवाणें नाहीं. दुसऱ्यास सुंदर करण्याची विद्या हातीं असल्यामुळें ती ताठ मानेनें उभी राहूं शकली.

स्वतः मात्र तिनें केस गुंडाळून एका बाजूस झांकले होते आणि अंगावर एकच काळें, मळकें वस्त्र होतें. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. मुली पावडर लावतात, ओठ रंगवितात, म्हणून संकटें ओढवून घेतात, असा उपदेश आपल्या घराघरांतून आजहि ऐकूं येतो. कीचकाची वाईट नजर ज्या स्त्रीवर गेली, तिच्या अंगीं शृंगाराचा लवलेशहि नव्हता. अपराध आरशाचा नव्हता, तो कीचकाचा होता.

पुढें ती रात्रीं भीमाकडे जाते आणि त्यास आपले हात दाखविते. विराटासाठीं चंदन उगाळून उगाळून त्यांस घट्टे पडले आहेत. तेंच चंदन, तीच कला. परंतु इच्छेचें रूपांतर सक्तींत झालें कीं ती वेदना होते. उलट बाजूनें अर्जुनाचें उदाहरण पाहावें. दोन्ही बाहूंवरील प्रत्यंचेचे वण झांकण्यासाठीं त्यानें हातांत बांगड्या भरल्या, वेणी घातली व राजकन्येस नृत्य शिकविलें. गोग्रहणाच्या प्रसंगीं त्यानें त्या बांगड्या उतरविल्या आणि गांडीव उचललें. शृंगारानें त्याचें शौर्य बुडालें नाहीं, कारण तो चढविणें व उतरविणें त्याच्या स्वाधीन होतें.

महाराष्ट्रानें ही कथा पुनःपुन्हां रंगविली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘कीचकवध’ १९०७ मध्यें रंगभूमीवर आलें. प्रेक्षकांनीं कीचकांत लॉर्ड कर्झन पाहिला आणि १९१० मध्यें सरकारनें नाटकावर बंदी घातली. १९२० मध्यें बाबूराव पेंटर यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट आला, आणि त्यांतील वधाचें दृश्य इतकें हुबेहूब साधलें होतें कीं तें कापावें लागलें. दोन्ही वेळां सर्वांचे डोळे वधावर खिळले. त्या उगाळलेल्या हातांकडे कोण पाहणार?

शृंगार कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न मात्र आपल्या घरांतून कधींच गेला नव्हता. कुंकू व बांगड्या पतीबरोबर येत आणि पतीबरोबरच जात. ज्या स्त्रीनें त्या जन्मभर ल्यायल्या, तिला कोणी विचारीत नसे. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें विधवांचें कुंकू पुसण्याची व बांगड्या फोडण्याची चाल बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य शासनानें इतर गांवांस त्याचें अनुकरण करण्यास सुचविलें. मेळघाटांतील कोरकू स्त्रियांच्या अंगावरील गोंदण पाहतांना आम्हांस हा ठराव आठवतो. कुंकू पुसतां येतें, बांगडी फोडतां येते. गोंदण कोणास हिरावून घेतां येत नाहीं.

गेल्या कित्येक वर्षांच्या अध्यापनांत, वक्तृत्वाच्या स्पर्धेपूर्वीं आरशासमोर दोन क्षण काढणाऱ्या विद्यार्थिनी आम्ही पाहिल्या आहेत. काजळाची रेघ नीट झाली कीं त्यांचा स्वरहि स्थिर होतो. कांहीं विद्यार्थिनी मुळींच नटत नाहींत आणि तितक्याच धीटपणें बोलतात. दोघींच्याहि आत्मविश्वासाचें मूळ एकच आहे, आणि तें रंगाच्या डबींत नाहीं: चेहऱ्याविषयींचा निर्णय त्यांचा स्वतःचा आहे. आईबापांनीं व शिक्षकांनीं एवढा निर्णय तरी त्यांच्याकडे निर्वेधपणें राहूं द्यावा. आणि चिखलदऱ्यास जाणाऱ्या कुटुंबांनीं मुलांना कीचकाची गोष्ट सांगतांना सैरंध्रीच्या घट्टे पडलेल्या हातांची गोष्टहि अवश्य सांगावी.