तीन मिनिटांची ठुमरी: लय, पट्टी आणि भाव

आजचा विषय तसा छोटा आहे, जेमतेम तीन मिनिटांचा. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ‘पिया बिन’ ही ठुमरी आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल. लहानपणी याच ध्वनिमुद्रिकेने आपल्याला गाण्याचं वेड लावलं, असं पंडित भीमसेन जोशी सांगत असत. आता एक साधा प्रश्न विचारतो. खाँसाहेब ही ठुमरी कोणत्या पट्टीत गायले, आणि किती लयीत?

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे? तबकडी लावायची, पेटीवर षड्ज शोधायचा, की झालं. पण इतिहासाच्या अभ्यासकाला इतक्यावर थांबता येत नाही. का, ते सांगतो.

पाश्चात्त्य संगीतात स्वरलिपीच्या कागदावर पट्टी लिहिलेली असते आणि गतीची सूचनाही असते. आपल्याकडे षड्ज ज्याचा त्याचा. गळ्याला मानवेल तो सूर धरायचा आणि तंबोरे त्यावर लावायचे. पंडित भातखंडे यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’त शेकडो चिजा स्वरतालासह लिहिल्या आहेत, पण अमक्या गवयाने ती चीज काळी एकमध्ये म्हटली की पांढरी पाचमध्ये, हे तिथे सापडणार नाही. लयीबद्दलही फार तर विलंबित, मध्य, द्रुत एवढंच कळतं. म्हणजे जुन्या गवयाची पट्टी आणि नेमकी लय यांचा पुरावा उरतो तो एकच, तबकडी. आणि हा पुरावा जागचा हलणारा आहे.

आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीचं ध्वनिमुद्रण 1902 साली कलकत्त्यात सुरू झालं. फ्रेड गाइसबर्ग हे तंत्रज्ञ त्यासाठी आले होते आणि गौहरजान यांच्या तबकड्या त्याच वेळच्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. या जुन्या तबकड्यांना आपण सरसकट ‘अठ्ठ्याहत्तरच्या’ म्हणतो, पण मिनिटाला 78 फेरे हे प्रमाण रुळलं ते 1920 च्या दशकात. त्याआधी कुणी सत्तरच्या आसपास फेऱ्यांवर मुद्रण करी, कुणी ऐंशीच्या वर. शिवाय घरचं यंत्र चावीचं! स्प्रिंग सैल पडू लागली की गाणंही खाली उतरायचं.

आता हिशोब करू. समजा, मुद्रण 74 फेऱ्यांवर झालं आणि आपण ते 78 वर वाजवलं. वेग साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढला. तीन मिनिटांचं गाणं नऊ सेकंद आधी संपलं. हे चालून जाईल. पण त्याच वेळी षड्ज जवळजवळ अर्ध्या सुराने चढला. काळी एकचा गवई पांढरी दोनचा झाला! लय वाढली की पट्टी चढणारच, तबकडीत या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्याच आहेत.

आणि भाव? तो तर आधी बिघडतो. झिंझोटीतल्या मिंडीला जो सावकाशपणा हवा, तो जातो. मुरकी घाईची वाटते. आवाज नुसता चढत नाही, त्याचा पोत बदलतो. तो पातळ, कोवळा, थोडा नाकातला वाटू लागतो. विरहाची ठुमरी लाडिक वाटायला लागते. ‘जुने लोक फार उंच आणि भराभर गायचे’ हे विधान आपण किती सहज करतो! त्यात गवयाचा वाटा किती आणि यंत्राचा किती, हे आधी वेगळं काढायला हवं.

खाँसाहेबांचंच उदाहरण घ्या. 1905 च्या सुमाराला त्यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी दिली, ती कर्ण्यापुढे गाऊन. तिथे आवाज मोठाच लावावा लागे. पुढे 1930 च्या दशकात ओडियनसाठी गायले तेव्हा मायक्रोफोन आला होता, वेगही बराच स्थिरावला होता. हळुवार सूर आता मेणावर उमटू शकत होता. या दोन काळांतल्या तबकड्या शेजारी ठेवून ‘त्यांची गायकी बदलली’ असं म्हणण्याआधी दोन्ही मुद्रणपद्धतींतला फरक वजा करावा लागेल.

मग खरा वेग ओळखायचा कसा? काही वाटा आहेत. साथीला पेटी असेल तर तिचे सूर पट्ट्यांवर ठरलेले असतात. षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध लोंबकळत असेल तर वेगाचा संशय घ्यावा. एकाच बैठकीतल्या अनेक तबकड्या ताडून पाहाव्यात. आणि जुन्या गायिका शेवटी आपलं नाव सांगत, तो तर ठेवाच आहे. गौहरजान इंग्रजीत नाव सांगतात ना, तिथे कान द्या. गाताना आवाज कसा होता याबद्दल आपण फसू. बोलणारं माणूस वेगाने फिरवलं, की चटकन ओळखू येतं.

खाँसाहेब 1937 साली गेले. मिरजेला त्यांची समाधी आहे. त्यांच्या मैफली ऐकलेले कान आता उरले नाहीत. आजची मुलं मोबाईलवर ही ठुमरी ऐकून गळ्यात उतरवतात. तबकडीवरून एलपी, एलपीवरून कॅसेट, कॅसेटवरून संगणक, असा तिचा प्रवास झालेला असतो आणि प्रत्येक टप्प्यावर वेग हलू शकतो. एखादा विद्यार्थी त्या चढ्या षड्जाला पोचण्यासाठी गळा ताणत असेल, तर तो कदाचित खाँसाहेबांशी नव्हे, एका मोटारीशी स्पर्धा करतोय.

म्हणून शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती: नक्कल करायला सांगण्याआधी एकाच गाण्याच्या दोन-तीन प्रती मुलांना ऐकवा, षड्ज पेटीवर ताडून दाखवा, आणि मग त्यांना त्यांच्या स्वतःच्या पट्टीत गाऊ द्या. खाँसाहेबही आपल्याच गळ्याचा षड्ज धरून गायले होते.