कबूल: एका शब्दाची उलटी वाट

चेंबूरच्या एका इमारतीत घरकाम करणाऱ्या बाईंना दोन तास दाराला कडी लावून बसवून ठेवलं होतं. बांगडी सापडत नव्हती. शेवटी वहीच्या पानावर त्यांची सही घेतली: 'चोरी केल्याचं मला कबूल आहे.' वाक्य मालकिणीनं सांगितलेलं. ते पान मी पाहिलं आणि 'कबूल'वर अडकलो.

शब्द अरबी, फारसीतून मराठीत आला, हे सर्वश्रुत आहे. पण इस्लामी न्यायशास्त्रात गुन्हा मान्य करणं म्हणजे 'इकरार'. 'कबूल' हा देवघेवीतला शब्द. एकानं देऊ करायचं, दुसऱ्यानं कबूल म्हणायचं, निकाहातही तेच. मराठीत नेमकी अदलाबदल झाली. इकरारच्या गोतातला 'करार' व्यवहाराकडे गेला आणि व्यवहारातला 'कबूल' गुन्ह्याला चिकटला.

माझ्या मते हे महसुलाच्या दफ्तरात घडलं. सारा मान्य करून रयत लिहून देई ती 'कबुलायत', जमीन सोडताना 'राजीनामा'. नावं राजीखुशीची, पण लिहून घेणारा कायम वरचढ. गुन्ह्याची कबुली लिहून घेणाराही तसाच. यावर आक्षेप असा, की उर्दूत 'इक्बाल-ए-जुर्म' आहे, त्याच धातूचा. कचेरीच्या भाषेतून तोच इकडे आला. आक्षेप वजनदार आहे. पण मग मराठीत 'इक्बाली जबाब' रुळायला हवा होता. रुळला तो 'कबुलीजबाब'.

आणखी एक पुरावा मला 1860 च्या भारतीय दंड संहितेत दिसतो. दुखापत करून कबुली काढणाऱ्यासाठी कलम 330. त्याखाली चार उदाहरणं: दोन पोलिसांची, तिसरं महसुली अधिकाऱ्याचं, चौथं खंडासाठी रयतेचा छळ करणाऱ्या जमीनदाराचं. कबुली आणि खंड एकाच कलमात! आणि जमीनदार तर खाजगी माणूस.

1872 च्या पुरावा कायद्यानं मात्र दार अरुंद केलं. त्याच्या कलम 24 नुसार धमकी किंवा आमिष 'अधिकारस्थानावरच्या व्यक्ती'कडून आलं असेल, तरच कबुली बाद होई. मग मालकीण कोण? 1852 च्या इंग्लंडमधल्या मूर खटल्यात मोलकरणीवर आरोप होता तो तिच्याच मुलाच्या खुनाचा. न्यायालय म्हणालं, गुन्ह्याचा मालकिणीशी संबंध नाही, म्हणून ती अधिकारस्थानी नाही. संबंध असता तर असती. चेंबूरची बांगडी मालकिणीचीच होती. त्या न्यायानं ते पान कलम 24 च्या कसोटीवरच बाद ठरतं, असं मी ठामपणे म्हणतो. कुणाला हे पटलं नाही, तरी न्यायालयाबाहेरची कबुली हा मुळातच कमकुवत पुरावा असून ती स्वेच्छेची आणि खरी असावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 च्या सहदेवन खटल्यात सांगितलं आहे.

1 जुलै 2024 पासून या दोन्ही कायद्यांच्या जागी नवे आले आणि कलमांचे आकडे बदलले. दुखापत करून कबुली काढली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 120, सात वर्षांपर्यंत कैद. त्यासाठी कोंडून ठेवलं तर कलम 127(8), तीन वर्षांपर्यंत. दोन्ही कलमं 'जो कोणी' करील त्याला लागू आहेत. त्यात मालकीणही आली.