बाकाबाईच्या आधीची मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या स्त्रीरूपी पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा इतवारीच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना फितूर झालेली बाकाबाई भोसले, तिच्या निषेधासाठी ही मिरवणूक सुरू झाली, असे दरवर्षी छापून येते. ही कथा मारबतीचे मूळ सांगते, हे मला पटत नाही. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि दुसऱ्या रघुजींची ही राणी १८५८ मध्ये वारली. काळी मारबत मात्र १८८१ पासूनची सांगतात आणि जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी १८८५ पासूनची. राणीवरच्या संतापातून हे सारे उपजले असते, तर तो संताप ती हयात असताना, निदान राज्य बुडाले तेव्हा रस्त्यावर आला असता. शिवाय पिवळीचे काय? तिच्या वाट्याला कोणतीच फितुरी नाही. आणि दोन्ही मारबतींची आधी मनोभावे पूजा होते. फितुराची कोणी पूजा करत नाही.

उत्तर शहराबाहेर सापडते. विदर्भातल्या खेड्यांत याच दिवशी पहाटे पळसाच्या फांद्या शिवेबाहेर नेऊन टाकतात आणि रोगराई, ईडापीडा घेऊन जा, असे मारबतीला ओरडून सांगतात. पुढे भंडारा-गोंदियाकडे तिलाच नारबोद म्हणतात. कृष्णाने मारलेल्या पूतनेला गोकुळाबाहेर नेऊन जाळले, ही कथाही मारबतीला जोडलेली आहे. भर पावसाळ्यात, साथींच्या दिवसांत, गावातले अरिष्ट वेशीपार करण्याचा हा विधी; नागपूरच्या वस्त्यांनी त्याला पुतळा आणि मिरवणूक दिली.

मग बाकाबाईची कथा खोटी समजायची का? कोणी म्हणेल, लोकांच्या आठवणीला सनावळीने मोजू नये, पराभवाचा सल पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. ते मान्यच आहे, आणि ही कथा नागपूरकरांनी जपली याचे मोल मोठे आहे. पण तो सल या विधीत येऊन बसला, त्याने विधी घडवला नाही. बडग्यांकडे पाहिले की हे उघड दिसते. मारबतींसोबतच्या या पुरुषी पुतळ्यांवर कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी दहशतवाद लिहिलेला असतो आणि शेवटी त्यांना आग लावली जाते. ज्या वर्षी जे छळते, ते बाहेर काढायचे. बाकाबाई ही या रांगेतली बहुधा सर्वांत जुनी.