भिवंडीची वखवख

सरकारी दप्तरात भिवंडी सापडते ती यंत्रमागांच्या मोजदादीत, दंगलींच्या चौकशी-अहवालांत आणि अलीकडे गोदामांच्या कागदपत्रांत; परंतु ज्या कसब्यात मागांच्या खडखडाटाने दिवस आणि रात्र यांतला भेद कित्येक पिढ्यांपूर्वी पुसून टाकला, तेथील माणसे कोणत्या प्रहरी जेवली, आणि जेवणाचा प्रहर चुकल्यावर त्यांनी काय खाल्ले, याची नोंद त्या दप्तरात क्वचितच आढळेल. अरबटचरबट खाण्याच्या आहारी गेलेला मनुष्य पोट तुडुंब भरल्यावरही हात आवरू शकत नाही, तेव्हा त्याचा विचार आपण स्वभावदोष म्हणून करतो. घरची वडील मंडळी 'जिभेवर ताबा नाही' एवढे म्हणून मोकळी होतात. मला मात्र वाटते की या खोडीचे मूळ जिभेत शोधण्यापूर्वी ते घड्याळात शोधावे, आणि तसा शोध घ्यायचा तर भिवंडीइतके सोयीचे गाव महाराष्ट्रात दुसरे नाही.

कामवारीच्या काठची आणि खाडीमार्गाने वसईकडच्या समुद्राशी जोडलेली ही पेठ मुळात बंदराची आणि भाताची. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी ही दोन्ही ठाणी आदिलशाहीकडून घेतली तेव्हा त्यांच्या दृष्टीसमोर खाडी आणि आरमार होते. कापडाच्या ताग्यांसाठी हे गाव प्रसिद्ध व्हायला अद्याप पुष्कळ अवकाश होता. कोकणी मुसलमानांची जुनी व्यापारी घराणी, भोवतालच्या गावांतले आगरी, कुणबी आणि कोळी, यांचा आहार तांदूळ आणि खाडीची मासळी यांभोवती फिरणारा. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतील विणकर कुटुंबे, ज्यांना येथे मोमीन म्हणतात, आपले माग आणि आपली विद्या घेऊन दक्षिणेकडे सरकली, आणि त्यांतली बरीचशी भिवंडीत स्थिरावली. त्यांचा हातमाग घरातच असे. बायकापोरे कांड्या भरीत, घरधनी धोटा टाकी, आणि चुलीवरून हाक आली की काम जागच्या जागी थांबे. या चित्राला सुखाचा मुलामा देण्याचे कारण नाही, कारण त्या घरांत पुष्कळदा पुरेसे शिजतच नसे. तरी जे काही शिजे ते ठरलेल्या वेळी आणि चार माणसांत बसून खाल्ले जाई, ही गोष्ट पुढच्या कथेत महत्त्वाची आहे.

अतिभोजन त्या काळी अज्ञात होते असेही नव्हे. लग्नाच्या पंक्तीत पैज लावून जिलब्यांचे ताट रिते करणारा खवय्या हा महाराष्ट्रातील गावोगावचा कौतुकविषय होता, आणि उरुसाच्या वा जत्रेच्या दिवशी चार घास अधिक जाणे हा रिवाजच होता. पण त्या अतिरेकाला तिथी असे आणि प्रेक्षक असत. आजचा वखवखलेला मनुष्य जे खातो ते दार लोटून, रात्री उशिरा, वेष्टने लपवून खातो, आणि खाऊन झाल्यावर त्याला तृप्तीऐवजी शरम वाटते. पैजेच्या जिलब्या आणि ही चोरटी खा-खा यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

मिताहाराचा उपदेश तर या गावात दोन वाटांनी पोचलेला होता. चरकसंहितेच्या विमानस्थानात कुक्षीचे तीन भाग कल्पून एक घन पदार्थांसाठी, एक द्रवासाठी आणि एक वातपित्तकफांसाठी मोकळा ठेवावा असे सांगितले आहे. आणि हदीसमध्ये पैगंबरांच्या नावे जो उपदेश आहे तोही पोटाचा एक तृतीयांश अन्नाला, एक तृतीयांश पाण्याला आणि एक तृतीयांश श्वासाला देण्याचा. वैद्य आणि मौलवी यांचा हिशेब इतका तंतोतंत जुळावा याचे मला नेहमी नवल वाटते. शिवाय चरकाने केवळ मात्राच सांगितली नाही. अवेळी, कमी किंवा जास्त खाण्याला त्याने विषमाशन म्हणून वेगळा दोष मानले, आणि आधीचे पचण्यापूर्वी पुन्हा खाण्याला वेगळा. म्हणजे काय खाल्ले याइतकेच केव्हा खाल्ले हेही त्याला विचारावेसे वाटले होते.

हे 'केव्हा' भिवंडीत मोडले ते यंत्रमागाने. १९३० नंतरच्या दशकात वीज आणि जुने यंत्रमाग गावात येऊ लागले, हातमाग हळूहळू अडगळीत गेले, आणि घरातला माग कारखान्यात गेला. येथे थोडे मुंबईकडे वळून पाहावे लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला गिरणीकामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे जे निवेदन सिद्ध केले, त्यात आठवड्याच्या सुट्टीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीचीही मागणी होती; तो अर्धा तास पुढे १८९१ च्या कायद्याने मिळाला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली, आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह ठेवण्याची तजवीज केली. मजुराला जेवायला वेळ असावा ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकात अशी लढूनच शिरली. परंतु विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार असले तरच तो कायदा लागू होई, आणि भिवंडीतील मागांची मालकी कागदोपत्री बारा नावांनी विभागली जाऊन प्रत्येक नावाखाली दहाहून कमी हात राहत. एका छपराखाली शंभर माग खडखडत असले तरी दप्तरात ते कित्येक लहान व्यवसाय असत, आणि लोखंड्यांचा अर्धा तास त्या छपराच्या दारातच अडून राही.

दोन पाळ्या, बारा-बारा तासांच्या. मजुरी विणलेल्या मीटरवर, आणि एकेका कारागिराकडे अनेक माग. जेवायला जाऊ नको असे त्याला कोणी सांगत नसे. तो उठला की त्याचेच माग थांबत आणि त्याचीच मजुरी बुडे, एवढी ती व्यवस्था चतुर होती. मग भूक मारायची. ती चहाने मारायची, तंबाखूने मारायची, आणि पुढे गुटख्याने. जुलै २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली तरी भूक मारण्याची गरज कोणी बंद केली नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील अडीच लाखांच्या आसपास गिरणीकामगारांनी संप पुकारला, गिरण्यांचे काम भिवंडीकडे वाहू लागले, आणि आजमगढ-गोरखपूरपासून तेलंगणापर्यंतचे एकटे, कुटुंब मागे ठेवून आलेले पुरुष शांतिनगर, पद्मानगर, कामतघर या वस्त्यांत दाटीवाटीने राहू लागले. ज्या खोलीत एक पाळी झोपते त्याच खोलीत दुसरी पाळी स्वयंपाक कसा करणार?

पाळी सुटण्याच्या वेळी तीनबत्तीपासून कल्याण नाक्यापर्यंत ज्या हातगाड्या उभ्या राहिल्या त्या या प्रश्नाचे उत्तर म्हणून. भजी, समोसा, पाव आणि पुढे वडापाव, जो १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर जन्मला असे मानले जाते. पोर्तुगीजांनी आणलेला बटाटा आणि त्यांचाच पाव यांचे हे मराठी लग्न इतके यशस्वी झाले याचे कारण त्याची चव खरेच. पण त्याला ताट लागत नाही, बसायला जागा लागत नाही आणि दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, हे कारण अधिक बलवत्तर. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि तळण स्वस्त झाले. १९९५ मध्ये लेज, १९९९ मध्ये कुरकुरे बाजारात आले. पाच रुपयांची पुडी कारखान्यांच्या गल्लीतल्या टपरीवर माळेसारखी लोंबू लागली. आणि त्याच सुमारास लाल-काळ्या चटण्यांच्या बाटल्या मिरवणाऱ्या चायनीजच्या गाड्या रात्रीच्या धंद्यात उतरल्या. हे पदार्थ वाईट आहेत असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. बारा तासांच्या उपासानंतर ते समोर येतात, ही खरी अडचण.

उपासमारीनंतर मनुष्य कसा खातो, याचा एक प्रयोग परदेशी झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने सैनिकी सेवेला नकार देणाऱ्या छत्तीस निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्या काळात ते पाककृतींची पुस्तके वाचीत, अन्नाचीच स्वप्ने पाहत. आणि निर्बंध उठल्यावर त्यांतले काही ओकारी होईपर्यंत खात, तरीही भूक शमली नाही असे सांगत. हे तरुण निवडक, सदाचारी, स्वेच्छेने आलेले होते. त्यांच्या जिभेवर ताबा नव्हता असे कोण म्हणेल? पुढे १९५९ मध्ये अ‍ॅल्बर्ट स्टंकार्ड या वैद्याने झपाट्याने, बेभानपणे खाण्याच्या झटक्यांचे वर्णन केले, आणि २०१३ मध्ये अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या नियमावलीत त्याला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले: असे झटके सरासरीने आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने, आणि त्यांसोबत हात आवरत नसल्याची जाणीव. पगाराच्या रात्री गाडीवर तीन-तीन प्लेटी उडवणारा प्रत्येक कारागीर या व्याख्येत बसेल असे नाही, आणि पोटभर अन्न मिळणाऱ्या घरांतही हा विकार असतो. पण उपास आणि हावरेपणा ही एकाच दोरीची दोन टोके आहेत, एवढे छत्तीस तरुणांनी दाखवून दिले.

या दोरीला भिवंडीत ज्या संस्थेने मधोमध धरून ठेवले तिचे नाव भिशी. पाळीवर काम करणाऱ्या पुरुषांना महिन्याच्या किंवा पंधरवड्याच्या बोलीवर दोन वेळचे जेवण घालणारी ही खाणावळ. चालवणारे कोणी मजुरांच्याच मुलखातले, कित्येक ठिकाणी बाई, बहुधा एका खोलीत. मुंबईच्या गिरणगावात अशाच खाणावळवाल्या बायकांना सावकारांच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, त्यामुळे त्यांची कैफियत निदान नोंदली गेली. भिवंडीच्या भिशीवालीच्या वाट्याला तेवढी कीर्ती आली नाही. डाळ, भात, चपाती, एक भाजी, एखाद्या दिवशी मटण वा मासळी. चव यथातथा. पण पाळी सुटण्याची वेळ आणि ताट वाढण्याची वेळ यांचा मेळ तिने घातला, उचल संपलेल्याला उधारीवर जेवू घातले, आणि जो आला नाही त्याचा खाडा वहीत मांडला. 'काल रात्री का नाही आलास?' हे विचारणारे परमुलखात दुसरे कोण होते?

आता ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या उपचारपद्धतीकडे पाहावे. झटक्यांनी खाणाऱ्या रुग्णाला ते आधी पथ्य सांगत नाहीत, उलट कडक पथ्य सोडायला लावतात. दिवसातून तीन जेवणे आणि दोन-तीन लहान खाणी, ठरलेल्या वेळी, भूक असो वा नसो. दोहोंमध्ये चार तासांहून अधिक अंतर नको. आणि काय, केव्हा, कोठे खाल्ले याची जागच्या जागी टिपणी. ही व्यवस्था बसली की झटके पुष्कळांच्या बाबतीत विरळ होतात, आणि उरलेल्यांसाठी मनाच्या इतर गुंत्यांकडे वळता येते. भिशीवालीने या पद्धतीविषयी काही वाचलेले नसते, आणि तिचा हेतू उपचाराचा नसून चरितार्थाचा असतो; तथापि ठरलेली वेळ, चार माणसांची संगत आणि वही ही तिन्ही तिच्याकडे आधीपासून होती.

उलट, आपल्याकडे अशा मनुष्याला जो सल्ला सर्रास दिला जातो तो उपासाचा: काल इतके चापलेस, आज निर्जळी कर. चतुर्थी-एकादशीची श्रद्धा ही वेगळी गोष्ट. पण शिक्षा म्हणून केलेला उपास संध्याकाळी दुप्पट होऊन परततो. या बाबतीत रमजानचा जुना शिस्तवार इफ्तार अधिक शहाणा वाटतो: खजूर आणि पाणी, मग मगरिबची नमाज, आणि त्यानंतर जेवण, म्हणजे सर्वांत अनावर भुकेच्या क्षणीच एक सक्तीचा विराम. इफ्तारच्या बाजारात तळणाच्या परातींनी हा विराम बराचसा गिळला आहे हेही खरे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, माग थांबले, आणि मजुरी थांबताच भिशांच्या चुलीही विझू लागल्या. हजारो माणसे नाशिकच्या महामार्गाने चालू लागली. मे महिन्याच्या आरंभी भिवंडी स्थानकातून गोरखपूरला मजुरांची खास गाडी सुटली. कोणी परतले, कोणी परतले नाहीत, आणि बंद झालेल्या सगळ्या भिशा काही पुन्हा उघडल्या नाहीत.

दरम्यान भिवंडीने धंदा बदलायला घेतला होता. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या वेशीवर, या स्थानामुळे काल्हेर, पूर्णा, वळ, मानकोली या गावांच्या भातखाचरांवर गोदामे उठली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, तरी गोदामे वाढतच राहिली. ज्या पुड्यांनी कारागिराची रात्र भागवली त्या आता याच गावांतून ट्रक भरून राज्यभर जातात, हा नियतीचा विनोद म्हणावा लागेल. शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ हद्दपार करण्याचा हुकूम काढला. केंद्राच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या कुंपणापासून पन्नास मीटरपर्यंत त्यांची विक्री मना केली. मुलांसाठी हे योग्यच झाले. मात्र पन्नास मीटर हे अंतर आहे, वेळ नव्हे, आणि रात्री अकराला शिकवणीहून उपाशी परतणाऱ्या मुलाला फोनवर काहीही मागवता येते.

गोदामांतही पाळ्याच आहेत. माल उचलणारी पोरे आता मोटारसायकलीवर येतात, अंगात कंपनीचा सदरा असतो, आणि हजेरी बोटाच्या ठशाने लागते. परंतु भिशा बहुतेक जुन्या कारखान्यांच्या वस्त्यांतच राहिल्या, आणि महामार्गालगत पाळी सुटते तेव्हा फाटकासमोर चायनीजची गाडी असते. जकात चुकवण्यासाठी ज्यांनी जागा हेरली त्यांना जेवणाची खोली हेरणे अवघड नव्हते. एखाद्या मालकाने मानकोलीला शांतिनगरच्या एका भिशीवालीला नुसती पाण्याची आणि ग्यासची सोय करून बसवले, तर तिचा जमाखर्च ती स्वतः जुळवील. तिने तो याहून वाईट काळात जुळवलेला आहे.