अंगणातली पंचायत

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आळीतली मुले किल्ला बांधतात. माती एकाच्या परसातली, विटा दुसऱ्याच्या पडक्या गोठ्यातल्या, पेरायला आळीव तिसऱ्याची आजी देते आणि मावळे चौथ्याच्या पेटीतून निघतात. किल्ला कुणाचा म्हणून विचारावे, तर दहा हात वर होतात. तो पाहिला की दरवर्षी माझ्या मनात येते : पोरांना जे सहज जमते, ते त्यांच्या वडीलधाऱ्यांना पोरांसाठी जमायला इतकी वर्षे का लागली?

आपले जुने गाव आठवा. गावकी होती, जातपंचायत होती. बांध कुणाचा, गुरे कुणाच्या शेतात शिरली, सोयरीक कुणी मोडली, ह्यांवर पारावर रात्र रात्र बैठका चालत. पण पाळण्यातल्या पोराची गोष्ट पारावर निघाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. पाचवीला आणि बारशाला सारी आळी लोटे. पुढे मात्र मूल ज्याचे त्याचे. आजी, थोरली बहीण आणि दैव, असा तिघांचा कारभार!

ही चाल मोडण्याचे काम दोन बायांनी हाती घेतले. १९४५ साली ताराबाई मोडक ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी ह्या समुद्रकाठच्या गावी आल्या. वय त्रेपन्न. गिजुभाई बधेका ह्यांच्यासोबत भावनगरला त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते; १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्यात दोघांचा वाटा होता. मुंबईत दादरला शिशुविहारही उभा राहिला होता. नाव झाले होते, मान मिळाला होता. पण माँटेसोरीबाईंची पद्धत शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांपुरतीच राहते आहे, हे शल्य त्यांना होते. त्यांच्या मदतीला आल्या अनुताई वाघ. मोरगावला जन्मलेल्या अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच कपाळ पुसले गेले. पुढे शिकून त्या पुण्यात शिक्षिका झाल्या होत्या. बोर्डीला आल्या तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या.

बालवाडी तर निघाली. पण ज्यांच्यासाठी एवढी धडपड, ती हरिजनवाड्यातली मुले तिथवर येईनात. दुसरा कुणी असता तर ‘ह्या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही’ असे म्हणून मोकळा झाला असता. ह्या दोघींनी बालवाडीच उचलली आणि मुलांच्या दारात नेऊन मांडली. अंगण झाडायचे, मुलांची तोंडे धुवायची, केस विंचरायचे, नखे कापायची, मग गाणी आणि खेळ. शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने. परदेशी पेटाऱ्याची गरज उरली नाही. मुले शाळेकडे येतात ती मध्यवर्ती बालवाडी आणि शाळा मुलांकडे जाते ती अंगणवाडी. शब्द साधा आहे, पण त्यात एक मोठी उलथापालथ आहे. अंगणात शाळा भरली की आई दारातून पाहते, आजी ओट्यावर येऊन बसते, शेजारीण डोकावते. मूल घराच्या उंबऱ्याबाहेर येते आणि आळीचे होते.

१९५७ साली हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली; तिला ‘विकासवाडी’ म्हणत. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर शाळेला लागून का, हे मला फार उशिरा उमगले. ती माझी गोष्ट आता सांगतो.

दहावीपुढे न गेलेला मी २००१ साली नाशिकच्या पश्चिमेकडल्या डोंगरात एका वस्तीशाळेवर लागलो. तिसरीत एक नऊ वर्षांची मुलगी होती. हुशार, पाढे तोंडपाठ. पण कडेवर धाकटा भाऊ असे. तो रडे, वर्ग विस्कटे. एके दिवशी मी त्रासून म्हणालो, “उद्या येशील ती एकटी ये.” ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही, पुढेही आली नाही. आईबाप रोजावर जात. पोराला धरणार कोण? हजेरीत मी काही दिवस गैरहजर लिहिले आणि मग नाव कमी केले. अनुताईंच्या कोसबाडविषयी वाचले ते त्यानंतर दोन वर्षांनी. ज्या अडचणीवर त्या टेकडीवर पाळणा टांगला गेला, तिच्यावर मी नुसती तांबडी रेघ ओढली होती!

इतिहास पुढे गेला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. ताराबाई ते पाहायला नव्हत्या. त्या १९७३ साली गेल्या. १९९३ पासून अंमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांत महिला व बालविकास घातला. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे दहा टक्के बायामुलांसाठी खर्चावेत असा दंडक आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असेही ठरले आहे. म्हणजे पारावर न आलेले मूल शेवटी कायद्याने चावडीवर आले.

पण आले ते वेगवेगळ्या वह्यांतून. आमच्या गावी आरोग्याची समिती एक, शाळेची दुसरी, महिला मंडळ तिसरे. वजन एका वहीत, लस दुसऱ्या वहीत, हजेरी तिसऱ्या वहीत. मूल मात्र एकच. दहा टक्क्यांचे पैसे कशात जातात, हे कुणी विचारत नसे. मीही नाही.

काही वर्षांपूर्वीच्या महिलासभेत एक बाई उठल्या. कडेवर मूल होते. आवाज बेताचा. “लावणीच्या दिवसांत पोरं धरायला कुणी तरी पाहिजे. नाही तर थोरलीची शाळा सुटते.” एवढे बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी ओळखले. “गुरुजी, तुम्हीच सांगा ना सरपंचांना.” बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

मी सांगितले. माझी तांबडी रेघही सांगितली. बरीच हुज्जत झाली. नाल्याच्या मोरीसाठी पैसे हवेत असे काहींचे म्हणणे होते. अखेर त्या निधीतून लावणीच्या दोन महिन्यांपुरते पाळणाघर चालवायचे ठरले. दोन आज्यांना रोज मिळाला. आणखी एक ठरले : तिन्ही समित्यांनी महिन्यातून एकदा एकाच दिवशी अंगणवाडीच्या अंगणातच बसायचे, आपापल्या वह्या घेऊन. पहिल्याच बैठकीत निघाले की, वजन घटलेले एक पोर लसीलाही चुकले होते आणि त्याची बहीण शाळेतही दिसत नव्हती. एकाच घराची ही हकीकत तीन वह्यांत तीन ठिकाणी पडून होती. त्याच दुपारी सगळे मिळून त्या घरी गेलो.

फार मोठे काही झाले असे मी म्हणत नाही. दहा महिने पाळणा अजून रिकामाच आहे, आणि दरवर्षी मोरीवाले पुन्हा बोलतात. पण यंदाच्या लावणीत त्या बाईंची थोरली एक दिवसही चुकली नाही. ती आता तिसरीत आहे. पाढे तोंडपाठ आहेत.